पिंक फ्लॉइड नक्की कोणाचं? रिक राइट आणि श्रेयाचा हिशोब

अमोघ_दे (धागाकर्ता):

२०२३ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा जुना बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सने बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अख्खा अल्बम नव्याने रेकॉर्ड केला, एकट्याच्या नावावर. त्यात बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरचे सोलो नाहीत. बऱ्याच ठिकाणी वॉटर्स खर्जात नुसता बोलतो. त्याच सुमारास एका मुलाखतीत त्याने सरळ सांगून टाकलं की तो अल्बम मी लिहिला, हे 'आम्ही आम्ही' आता पुरे झालं. ते वाचून मी मूळ १९७३ च्या अल्बमची श्रेयनामावली पुन्हा ओळीने वाचली. तिच्यात जे दिसलं त्यावर हा धागा.

शब्द सगळे वॉटर्सचे. याबद्दल वाद नाही आणि ते शब्द थोर आहेत. पण चाली बघा. 'मनी', 'ब्रेन डॅमेज' आणि 'एक्लिप्स' एकट्या वॉटर्सच्या. 'टाइम' चौघांच्या नावावर, म्हणजे वॉटर्स, गिल्मोर, कीबोर्डवाला रिचर्ड ऊर्फ रिक राइट आणि ड्रमर निक मेसन. 'ब्रीद' वॉटर्स, गिल्मोर आणि राइट यांचं. 'अस अँड देम' वॉटर्स आणि राइटचं. 'द ग्रेट गिग इन द स्काय' तेव्हा एकट्या राइटच्या नावावर होतं. म्हणजे डोळे मिटून हा अल्बम आठवला की जे मनात वाजायला लागतं, त्यातला फार मोठा भाग रिचर्ड राइट नावाच्या, कधीही मोठ्याने न बोलणाऱ्या माणसाच्या बोटांतून आलेला आहे.

'अस अँड देम'ची चाल तर आधीपासून पडून होती. आंतोनिओनीच्या 'झब्रिस्की पॉइंट' या सिनेमासाठी राइटने ती पियानोवर केली होती, दिग्दर्शकाने नाकारली. दोन-तीन वर्षांनी तीच बाहेर काढली, वॉटर्सने तिला युद्धाचे आणि माणसामाणसांतल्या भिंतीचे शब्द दिले, आणि जे झालं ते आपल्यासमोर आहे. मला तर हेच फ्लॉइड वाटतं. एकाने चाल आणायची, दुसऱ्याने तिला अर्थ द्यायचा, तिसऱ्याने ती गायची, चौथ्याने तिला घाई करू द्यायची नाही.

मग पुढच्या सहा वर्षांत काय झालं? १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'मध्ये राइट अजून भक्कम आहे. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा शेवटचा, नववा भाग एकट्याचा आहे. १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'वर लेखक म्हणून त्याचं नाव एकदाही नाही. १९७९ मध्ये 'द वॉल'चं काम चालू असतानाच वॉटर्सने त्याला बँडमधून बाहेर जायला लावलं. १९८०-८१ च्या 'वॉल'च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. १९८३ च्या 'द फायनल कट'वर तो नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की वॉटर्स शब्दांचा आणि कल्पनांचा धनी आहेच, पण ज्या नादासाठी आपण फ्लॉइड लावतो तो नाद मोजायची सोय श्रेयनामावलीत नव्हती. चालीला नाव मिळतं, शब्दाला मिळतं. चौघं एका खोलीत बसून तासन् तास वाजवताना एखादा कॉर्ड असा पडतो की गाण्याचा रंगच बदलतो, त्याला कुठलाही रकाना नसतो. याचा सगळ्यात मोठा फटका राइटला बसला असं मला वाटतं. तुमचं मत काय?

मंद्रसप्तक:

अमोघ, अगदी मनातलं लिहिलंत. मी कीबोर्ड वाजवतो म्हणून थोडं जवळून सांगतो.

'ब्रीद'चे मुख्य कॉर्ड दोनच आहेत, झुलत राहणारे. कोणताही नवशिका ते वाजवेल. पण कडव्याच्या शेवटी परत सुरुवातीला येताना एक विचित्र, किंचित आंबट कॉर्ड लागतो, आणि सगळं अंगण एकदम तिरकं होतं. राइटने स्वतः सांगितलंय की तो कॉर्ड त्याने माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये ऐकला होता. तो माणूस जॅझच्या कानाचा होता. बाकी तिघांकडे तो कान नव्हता.

'एकोज'ची सुरुवात आठवा, १९७१, 'मेडल'. पाण्याखालून आल्यासारखा तो एकच टिंबासारखा सूर. पियानोचा एक सूर लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे आवाज फिरवणाऱ्या स्पीकरमधून काढला, बस. त्या एका सुरावर तेवीस मिनिटांचं गाणं उभं राहिलं. ते गाणं चौघांच्या नावावर आहे आणि तसंच असायला हवं.

आणखी एक, जे लोक सहसा धरत नाहीत. 'अ‍ॅनिमल्स'मधलं 'शीप' ऐका. मिनिटभराहून जास्त वेळ निव्वळ ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो वाजतो, एखाद्या कुरणावर संध्याकाळ उतरावी तसा, आणि मग खालून बेस येतो. ते वादन राइटचं. गाणं कागदावर एकट्या वॉटर्सचं. ती सुरुवात कापून टाका आणि मग सांगा 'शीप' तेच राहतं का.

नंदन_ठाणे:

मला हे सगळं एकतर्फी वाटतं. वॉटर्स भांडखोर आहे म्हणून त्याचं काम लहान होत नाही.

'मनी'चं उदाहरण घ्या. सात मात्रांचा तो चालता बेस वॉटर्सचा. नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज टेपचे तुकडे जोडून तालात बसवायची कल्पना त्याची, आणि त्याने बायको मातीकामासाठी वापरायची त्या भांड्यात नाणी टाकून ते आवाज घरीच रेकॉर्ड केले होते. हे गाणं बाकीच्यांकडे पोचलं तेव्हा त्याचा सांगाडा तयार होता.

'द वॉल'चं तर विचारूच नका. १९७८ च्या उन्हाळ्यात वॉटर्सने बँडसमोर दोन तयार संकल्पना ठेवल्या. एक 'द वॉल' झाली, दुसरी पुढे त्याचा १९८४ चा एकट्याचा अल्बम झाली. दोन अख्खे अल्बम एकटा माणूस लिहून आणतो तेव्हा बाकीच्यांनी काय आणलं होतं? गिल्मोर आणि राइट दोघांनीही त्याच वर्षी आपापले वेगळे अल्बम काढले होते, चाली तिकडे खर्च झाल्या. राइटने तर नंतर स्वतःच कबूल केलंय की त्या काळात त्याच्याकडे देण्यासारखं फारसं नव्हतं.

आणि पैशाची परिस्थिती विसरू नका. ज्या गुंतवणूक कंपनीकडे बँडचे पैसे होते तिच्यात त्यांचे वीस लाख पौंडांहून जास्त बुडाले. इंग्लंडातले कर भरायची पंचाईत, म्हणून देश सोडून बाहेर रेकॉर्डिंग करावं लागलं. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, वर्षअखेरीपर्यंत अल्बम द्या, टक्का वाढवतो. वॉटर्सने सगळ्यांना सुट्टी कमी करून या म्हटलं. राइट तेव्हा ग्रीसमध्ये कुटुंबाबरोबर होता, त्याने नकार दिला. सगळ्यांचं घर बुडायला आलंय आणि एक जण सुट्टी सोडत नाही, तर जो सगळं ओढतोय त्याला राग येणारच.

चित्रा_ज:

+१ नंदन. शब्द वॉटर्सचे नसते तर मी फ्लॉइड ऐकलंच नसतं. 'टाइम'मधल्या त्या ओळी चाळिशीत कळतात.

अमोघ_दे:

नंदन, मुद्दे पटण्यासारखे आहेत आणि पैशाचा संदर्भ तुम्ही आणलात ते बरं केलंत, त्याशिवाय १९७९ समजत नाही. पण पैशाच्याच वाटेने थोडं मागे जाऊ.

'अ‍ॅनिमल्स'मध्ये 'डॉग्ज' नावाचं सतरा मिनिटांचं गाणं आहे. रेकॉर्डची जवळजवळ एक बाजू. त्याच्या चालीत गिल्मोरचा मोठा वाटा आहे, वॉटर्सबरोबर त्याचं नाव आहे. त्याच अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी 'पिग्ज ऑन द विंग' हे वॉटर्सचं छोटं गाणं दोन तुकड्यांत येतं, प्रत्येकी दीड मिनिटही नाही. लेखनाची रॉयल्टी तेव्हा गाण्यांच्या संख्येवर वाटली जायची, लांबीवर नाही. म्हणजे ते दीड-दीड मिनिटांचे दोन तुकडे दोन गाणी म्हणून मोजले गेले आणि सतरा मिनिटांचं 'डॉग्ज' एक. हे निक मेसनने त्याच्या आठवणींत लिहिलंय, आणि त्यावरून कुरबूर झाली हेही.

मी असं म्हणत नाही की वॉटर्सने ते मुद्दाम पैशासाठी केलं. ते दोन तुकडे अल्बमला हवेच आहेत. एवढ्या कडवट अल्बममध्ये तेवढीच माणसाची ऊब आहे. पण ज्या पद्धतीत हिशोब असा होतो त्या पद्धतीत चौघांनी एकत्र बसून एकमेकांच्या गाण्यावर मेहनत करायचं कारण उरत नाही. जो तो आपलं गाणं पुढे रेटणार.

आणि पगारी राइटचं पुढे काय झालं ते लिहायला हवं. 'द वॉल'चे कार्यक्रम इतके खर्चिक होते की त्यात तोटा झाला, आणि तो तोटा तिघा मालकांनी सोसला. पगार घेणाऱ्या राइटला तेवढे पैसे सुटले. लोक हे गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. ज्या बँडच्या स्थापनेपासून तो होता, त्याच बँडच्या मंचावर तो रोजंदारीवर उभा होता.

विभावरी_पु:

कॉपीराइट हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात.

इंग्लंडच्या कायद्यात गाण्याची रचना, म्हणजे चाल आणि शब्द, हा एक हक्क. त्या गाण्याचं रेकॉर्डिंग हा वेगळा हक्क. वादकाने वाजवलं त्याचे हक्क आणखी वेगळे. रेडिओवर वाजलं, दुसऱ्या कोणी गायलं, जाहिरातीत वापरलं, की पिढ्यान् पिढ्या जो पैसा येत राहतो तो मुख्यतः रचनेच्या हक्कातून. म्हणून कव्हरवर कंसात कोणाचं नाव आहे यावर घरं उभी राहतात.

आता रचना म्हणजे काय, हा खरा प्रश्न. प्रोकोल हॅरमचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' सगळ्यांना माहीत असेल, १९६७. गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड यांच्या नावावर. पण ते गाणं ओळखलं जातं ते ऑर्गनच्या सुरावटीने, आणि ती मॅथ्यू फिशरची. २००५ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी, तो कोर्टात गेला. उच्च न्यायालयाने त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, अपिलात इतक्या उशिरा आलास म्हणून पैसे नाकारले, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ४० टक्के परत मिळवून दिले, दावा लावल्यापासून पुढच्या कमाईवर. तेव्हा वादकाने वाजवता वाजवता घातलेली सुरावट ही रचनाच असू शकते, हे मान्य झालेलं आहे. फिशर कोर्टात गेला, राइट कधी गेला नाही.

शर्वरी_क:

विभावरीताई, यात क्लेअर टॉरीचं नाव यायलाच हवं.

जानेवारी १९७३. 'ग्रेट गिग'वर काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने एका तरुण गायिकेला बोलावलं. शब्द नव्हते. मरणाबद्दलचं गाणं आहे एवढं सांगितलं, आणि ती माइकसमोर उभी राहिली. एकही शब्द न उच्चारता तिने जे गायलं ते ऐकून अजूनही माझ्या घशाशी येतं. रविवार होता म्हणून दुप्पट मानधन, तीस पौंड. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे राहिला, आणि तिच्या वाट्याला तीस पौंड.

२००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये कोर्टाबाहेर समझोता झाला. तेव्हापासून त्या गाण्यापुढे राइट आणि टॉरी अशी दोन नावं लागतात. राइटची कॉर्डची रचना त्याची आहेच. पण ती सुरावट तिची. राइटवर अन्याय झाला म्हणताना हेही धरावं लागेल की त्याच्याच गाण्यात तीस वर्षं दुसऱ्या कोणाचं तरी नाव गाळलेलं होतं.

तसंच इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली ती मुलं. 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग म्हणजे लोकांना त्या मुलांचा कोरसच आठवतो. शाळेला एक हजार पौंड मिळाले. रॉयल्टी नाही. मोठी झाल्यावर त्यातल्या काहींना हक्कासाठी झगडावं लागलं.

अमोघ_दे:

शर्वरी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. त्या गाण्यात 'द वॉल'चा एक निर्माता बॉब एझ्रिनचाही वाटा आहे. एक कडवं आणि एक ध्रुवपद एवढंच होतं. तो डिस्कोचा ताल घालायचं आणि मुलांकडून ते कडवं पुन्हा गाऊन घ्यायचं, हे निर्मात्याच्या डोक्यातून आलं. शेवटचा सोलो गिल्मोरचा. श्रेय मात्र एकट्या वॉटर्सचं, कारण चाल आणि शब्द त्याचे.

तांबे_न्यूजर्सी:

दुसऱ्या बँडांनी काय केलं तेही बघा. डीप पर्पलची सत्तरच्या दशकातली प्रसिद्ध पाच माणसांची जोडणी, त्यांनी सरळ पाचही नावं लावली. 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती सुरुवात गिटारवादक रिची ब्लॅकमोरची आहे हे जगाला ठाऊक आहे, तरी गाणं पाचांच्या नावावर. १९८४ मध्ये तेच पाच जण परत आले तेव्हा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'मधली बहुतेक गाणी ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर यांच्याच नावावर गेली. जॉन लॉर्डसारखा ऑर्गनवादक बाजूला. परत तेच, कीबोर्डवाला मागे!

क्वीनने उलटा प्रवास केला. १९७५ मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी'च्या मागच्या बाजूला त्यांच्या ड्रमरचं, रॉजर टेलरचं गाणं होतं. सिंगल एकच, त्यामुळे मागच्या बाजूच्या लेखकालाही विक्रीत तेवढाच वाटा. यावरून वर्षानुवर्षं धुसफूस झाली. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून सगळी गाणी 'क्वीन' या एका नावावर. त्यांचा गिटारवादक ब्रायन मेने नंतर म्हटलंय की हे खूप आधी करायला हवं होतं.

नंदन_ठाणे:

तांबे साहेब, समान वाटणी हा न्याय आहे असं मला वाटत नाही. ज्याने रात्र जागून शब्द लिहिले आणि ज्याने दुसऱ्या दिवशी येऊन साथ केली, त्यांना सारखं धरणं हाही अन्यायच.

आणि गिल्मोरबद्दल कोणीच बोलत नाही. वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला. त्याचं म्हणणं होतं की हा बँड आता संपलेला आहे, नाव वापरू नका. १९८६ मध्ये तो कोर्टात गेला. १९८७ च्या डिसेंबरात समझोता झाला, नाव गिल्मोर-मेसनकडे राहिलं, 'द वॉल' वॉटर्सकडे. त्या काळात गिल्मोरने अल्बम काढला 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'. शब्दांसाठी अँथनी मूर, बाकी बाहेरचे वादक कितीतरी. 'द डिव्हिजन बेल'वर शब्दांसाठी पॉली सॅमसन. म्हणजे एक वॉटर्स गेल्यावर त्याची जागा भरायला किती जण लागले! आणि राइटला परत बोलावलं म्हणून गिल्मोरची वाहवा होते, तर १९८७ च्या त्या अल्बमवर सदस्य म्हणून दोनच नावं होती, गिल्मोर आणि मेसन. राइटला तेव्हाही पूर्ण सदस्य केलं नव्हतं.

मंद्रसप्तक:

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, नंदन. तिथे गिल्मोरलाही सोडता येत नाही.

पण 'कम्फर्टेबली नम्ब'वर थोडं थांबू, कारण तुमची आणि अमोघची दोन्ही बाजूंची साक्ष या एका गाण्यात आहे. चाल गिल्मोरची, त्याच्या १९७८ च्या एकट्याच्या अल्बमच्या वेळी सुचलेली आणि तिथे न वापरलेली. शब्द आणि गोष्ट वॉटर्सची: आजारी गायक, त्याला टोचून मंचावर ढकलणारा डॉक्टर. कडवं वॉटर्स गातो, कोरडं, जवळून, दवाखान्यातल्यासारखं. ध्रुवपद गिल्मोर गातो आणि छत उघडतं. दोघांपैकी एकानेच सगळं गायलं असतं तर ते दोन माणसांमधलं अंतर ऐकूच आलं नसतं.

मग भांडण कशावरून? मायकेल केमेनने लिहिलेला वाद्यवृंद घ्यायचा की गिल्मोरला हवी तशी साधी, जरा दणकट मांडणी ठेवायची. एझ्रिन आणि वॉटर्स एका बाजूला, गिल्मोर दुसऱ्या. तोडगा असा निघाला की गाण्याचा मुख्य भाग वाद्यवृंदाचा, आणि शेवटचा सोलो गिल्मोरच्या मांडणीवर. तो सोलोही एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा वाजवून त्यातले उत्तम तुकडे निवडून जोडलेला आहे. दोघांनी एकमेकांना जिंकू दिलं नाही म्हणून ते गाणं असं झालं. गिल्मोरने नंतर म्हटलंय की आम्हा दोघांच्या एकत्र कामातले ते शेवटचे निखारे होते.

आणि 'द फायनल कट' ऐका, जिथे वॉटर्सला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. गिल्मोर म्हणत होता, 'द वॉल'ला जे पुरेसं चांगलं नव्हतं ते आता कसं चालेल? त्याचं ऐकलं गेलं नाही, तो एकाच गाण्यात मुख्य आवाजात आहे, आणि निर्मात्यांतून त्याचं नावही निघालं. कव्हरवर तर लेखक रॉजर वॉटर्स, सादरकर्ते पिंक फ्लॉइड असंच छापलं होतं. शब्द अप्रतिम. पण श्वास घ्यायला जागा नाही. ती जागा राइट करायचा.

भाऊकाका:

मंडळी, धागा फार आवडला. मी सत्तरी ओलांडली आहे. आम्ही हे अल्बम काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून आणायचो, आणि कोणाचं गाणं कोणी लिहिलं याचा आम्हाला पत्ताच नसायचा. चौघांचे चेहरेसुद्धा माहीत नव्हते. कव्हरवर ते नसायचेच.

२००७ साली वॉटर्स मुंबईला आला होता, बीकेसीच्या मैदानात, तेव्हा मुलाबरोबर गेलो होतो. दुसऱ्या भागात 'डार्क साइड' पूर्ण वाजवला. वादक सगळे पट्टीचे, सूर न् सूर जागच्या जागी. गिल्मोरचं गाणं दुसऱ्याने गायलं, सोलो दुसऱ्याने वाजवले, राइटचं काम दुसऱ्याने केलं. आनंद झालाच. आणि तरीही मनात सारखं येत होतं की हे बरोबर वाजतंय, पण ज्यांनी पहिल्यांदा वाजवलं ते काही बघून वाजवत नव्हते.

श्रेयाचं म्हणाल तर आपल्याकडच्या सिनेसंगीतात वेगळं काय होतं? सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, ही गोव्याची माणसं. संगीतकार चाल गुणगुणणार, आणि व्हायोलिनचा ताफा काय वाजवणार, मधले तुकडे काय असणार ते हे लोक कागदावर उतरवणार. त्या मधल्या तुकड्यांवरच तर आपण गाणं ओळखतो. पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठं, यांचं सहायकांत, नाहीतर कुठेच नाही. म्हणून रिक राइटबद्दल वाचताना मला परकं काही वाटलं नाही.

शर्वरी_क:

काका, 'बघून वाजवत नव्हते' हे किती नेमकं. निक मेसनबद्दलही कोणीतरी लिहा ना.

विभावरी_पु:

मेसनचं एक उदाहरण आहे. 'डार्क साइड'ची सुरुवात, हृदयाचे ठोके आणि आवाजांची सरमिसळ, 'स्पीक टू मी'. ती एकट्या मेसनच्या नावावर आहे. वॉटर्सने पुढे सांगितलं की ते श्रेय मी त्याला भेट म्हणून दिलं होतं, आणि नंतर त्याचा पस्तावा झाला. मेसनचं म्हणणं वेगळं, जुळणी त्यानेच केली होती. नव्वद सेकंदांचा तुकडा, आणि त्यावर दोन मित्रांच्या दोन आठवणी. कोर्टात असं प्रकरण आलं तर पुरावा म्हणून काय दाखवणार?

हे भांडण अजून थांबलेलं नाही. 'अ‍ॅनिमल्स'चं २०१८ मध्ये तयार झालेलं नवं मिक्स २०२२ पर्यंत पडून राहिलं. कारण काय, तर सोबतच्या पुस्तिकेतला लेख. वॉटर्सने २०२१ मध्ये जाहीर केलं की त्या लेखात कोणी काय केलं ते खरं लिहिलंय म्हणून गिल्मोरला तो नको आहे, आणि लेख स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला. शेवटी अल्बम लेखाशिवाय निघाला.

नंदन_ठाणे:

यावरूनच कळतं ना की वॉटर्सला पैशापेक्षा नोंदीची काळजी आहे? आपण काय केलं ते नीट लिहिलं जावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे. अमोघ राइटसाठी जे मागतोय तेच वॉटर्स स्वतःसाठी मागतोय.

अमोघ_दे:

नंदन, हे मात्र मला मान्य आहे. फरक एवढाच की वॉटर्सकडे मागायला आवाज होता आणि आहे. राइट १५ सप्टेंबर २००८ ला गेला. त्या दिवशी गिल्मोरने जे निवेदन काढलं त्यात होतं की पिंक फ्लॉइड म्हणजे कोण आणि काय या वादांच्या गदारोळात रिकचा प्रचंड वाटा वारंवार विसरला गेला. वादातलाच एक पक्ष हे म्हणतोय, त्यामुळे मला त्याचं वजन वाटतं.

त्याआधी २ जुलै २००५ ला, लाइव्ह एट या मदतीसाठीच्या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी, चौघं हाइड पार्कमध्ये एकत्र उभे राहिले, १९८१ नंतर पहिल्यांदा. ते चित्रण सापडलं की 'ब्रीद'मध्ये कीबोर्डकडे कान द्या. अलीकडचं कोणतंही भाषण, कोणतीही मुलाखत त्यापुढे मला टिकत नाही.

२०२४ मध्ये सोनीने फ्लॉइडची रेकॉर्डिंग आणि नावाचे हक्क विकत घेतले, बातम्यांत चाळीस कोटी डॉलर्सच्या आसपासचा आकडा होता. लेखनाचे हक्क त्या व्यवहारात नव्हते, ते ज्याचे त्याच्याकडे राहिले. विभावरीताईंनी सांगितलेला फरक इथे लख्ख दिसतो: आवाज विकला गेला, कंसातली नावं विकली गेली नाहीत.

भाऊकाका, मंद्रसप्तक, राइटचा १९७८ चा 'वेट ड्रीम' आणि १९९६ चा 'ब्रोकन चायना' ऐकले नसतील तर ऐका. आणि २०१४ चा 'द एंडलेस रिव्हर', जो १९९३ च्या एकत्र वादनाच्या टेपांवरून त्याच्या मागे तयार केला. त्यातल्या 'ऑटम '६८' मध्ये राइटने १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलच्या महाकाय ऑर्गनवर वाजवलेला तुकडा आहे. त्या तुकड्याला रचनाकार म्हणून एकट्या राइटचं नाव आहे.

नंदन_ठाणे:

'वेट ड्रीम' ऐकलेला नाही, आज ऐकतो. 'एंडलेस रिव्हर' मला मात्र शब्दांवाचून पोकळ वाटला होता, आणि ते मत अजून तसंच आहे. 'शीप'ची सुरुवात आत्ता दोनदा ऐकली. मंद्रसप्तक, तिथे राइटचं नाव हवं होतं.